वर्महोलचा दावा कागदावर कसा तपासावा

लागते ते एवढेच: पदवीपर्यंतचे कलनशास्त्र, कॅल्क्युलेटर आणि जरा संशयी स्वभाव.

वर्महोल म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा. त्यातून प्रवास करता येईल असा दावा कुणी केला, तर आधी विचारा, कोणते वर्महोल? १९३५ चा आइन्स्टाइन-रोझेन पूल असेल तर बाजूला ठेवा. तो इतक्या झटकन आवळतो की प्रकाशही पलीकडे पोचत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ फुलर आणि व्हीलर यांनी १९६२ मध्येच दाखवले.

आरपार जायचे तर मॉरिस-थॉर्न यांची १९८८ ची मांडणी घ्या. तिच्यात दोन फलने भरायची: एक आकाराचे, दुसरे घड्याळ किती मंदावते ते सांगणारे. दुसरे शून्य धरा, हिशोब सुटसुटीत होतो. (कृष्णविवराचे फलन उचलून इथे चिकटवणे ही नेहमीची चूक. घशापाशीच, म्हणजे बोगद्याच्या सर्वांत अरुंद जागी, क्षितिज (जिथून काहीच परत येत नाही ती सीमा) येते आणि वाट बंद.) आकारासाठी घशाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले त्या-त्या जागेची त्रिज्या हे फलन चालते. घशापाशी त्याचा उतार उणे १ येतो. उतार १ पेक्षा कमीच हवा, नाहीतर तोंड बाहेर उमलत नाही.

आता ऊर्जेची घनता काढा: उतार गुणिले प्रकाशवेगाचा चौथा घात, भागिले ८, पाय (π), गुरुत्व स्थिरांक आणि त्रिज्येचा वर्ग यांचा गुणाकार. १ मीटर त्रिज्येच्या घशाला उत्तर येते उणे ४.८ गुणिले १० चा ४२ वा घात, ज्यूल प्रति घनमीटर. खरी गोम त्या उणे चिन्हात आहे: नेहमीच्या पदार्थाची ऊर्जा उणे नसते. घसा रुंदावला की घनता उतरते, म्हणून काहीजण किलोमीटरभर घसा घेऊन मोकळे होतात. पण एकूण उणे ऊर्जा त्रिज्येच्या प्रमाणात वाढत जाते. १ मीटरलाच ती वस्तुमानात सुमारे २ गुणिले १० चा २७ वा घात किलो भरते, गुरू ग्रहाहून किंचित जास्त.

उणे ऊर्जा भौतिकशास्त्राला अनोळखी नाही. भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिर यांच्या १९४८ च्या सूत्राने १०० नॅनोमीटर अंतरावरच्या दोन आदर्श धातूच्या पट्ट्यांमध्ये ती उणे ४ ज्यूल प्रति घनमीटर येते. घशाला लागणाऱ्या घनतेपुढे तूट ४२ शून्यांची. अंतराचा परिणाम चौथ्या घाताने होतो हे खरे, तरी ही तूट भरायला पट्ट्या प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडोव्या हिश्शाइतक्या जवळ आणाव्या लागतील, आणि पट्ट्या तर अणूंच्याच.

यातूनही तरलेला दावा समोर आला, तर प्रवासाला लागणारा वेळ विचारा. मालदासेना, मिलेखिन आणि पोपोव्ह यांनी २०१८ मध्ये चुंबकीय प्रभाराच्या दोन कृष्णविवरांना जोडणारे वर्महोल गणिताने उभे केले. ते उघडे राहते, मात्र आतून जायला बाहेरच्या वाटेपेक्षा जास्त वेळ लागतो.