अमेरिकेत मुलाला पकडलं, तर गावातून काय करायचं?

वावर विकायला काढण्याआधी एवढं वाचा. विनाकागद शिरला किंवा राहिला म्हणून पोराला तिथे पकडलंय, असा फोन आला की घरात रडारड सुरू होते, आणि ज्यानं पोराला पाठवलं तोच एजंट ‘आणखी पैसे द्या, सोडवून आणतो’ म्हणत दारात उभा राहतो. त्याच्या हातात काहीही नसतं. तिथे पैसे घेऊन केस चालवायचा अधिकार परवानाधारक वकिलाला किंवा अमेरिकेच्या न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच आहे.

सगळ्यात आधी ‘ए नंबर’ मिळवा. इंग्रजी ए अक्षर आणि पुढे आठ-नऊ आकडे. मुलाला मिळालेल्या नोटिशीवर तो असतो. फोन आला तर रडण्याआधी हा नंबर लिहून घ्या. त्यावरून दोन गोष्टी कळतात: इमिग्रेशन पोलिसांच्या, म्हणजे ‘आइस’च्या वेबसाइटवर मुलगा कुठे आहे ते, आणि इमिग्रेशन कोर्टाच्या वेबसाइटवर पुढची तारीख. नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेश टाकून शोधता येतं, पण नाव तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडच्या पासपोर्टात बहुतेक वेळा मुलाच्या नावाला जोडून बापाचं नाव असतं. तिथे ते कसं नोंदवलं असेल सांगता येत नाही, म्हणून बापाच्या नावासकट आणि त्याशिवाय, दोन्ही तऱ्हेनं शोधा.

मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: न समजलेल्या कागदावर सही करू नको. एका सहीनं सुनावणीचा हक्क जाऊ शकतो.

ही केस फौजदारी नसते. त्यामुळे वकील करायचा हक्क आहे, पण सरकार तो फुकट देत नाही. न्याय खात्याच्या वेबसाइटवर मोफत किंवा कमी पैशात मदत करणाऱ्या संस्थांची यादी आहे, तिथून सुरुवात करा. दुभाषी मात्र कोर्टच देतं. हिंदीवर भागवू नका, मराठीच मागा. जिवाची गोष्ट आपल्याच बोलीत नीट सांगता येते. बाहेर सुटलेल्या मुलानं तारीख चुकवली तर त्याच्या माघारी हकालपट्टीचा आदेश निघतो. पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला कळवावं लागतं.

सुटकेच्या वाटा प्रत्येकाच्या वेगळ्या. परत आल्यास छळ होईल अशी खरी भीती असेल तर आश्रय मागता येतो, पण अर्ज साधारणपणे तिथे पोचल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दहा वर्षं तिथे राहिलेल्याला, तिथले नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या बायको-मुलांवर किंवा आईवडिलांवर असाधारण संकट कोसळेल हे सिद्ध करता आलं, तर हकालपट्टी रद्द करून मागता येते. जामीन सगळ्यांना मिळत नाही. चोरवाटेनं सीमा ओलांडलेल्यांना तर हल्ली फारच अवघड झालंय. सीमेवरच पकडलेल्याला न्यायाधीशासमोर न नेताही परत पाठवता येतं. अशा मुलाला परतायची भीती वाटत असेल तर त्यानं ती लगेच, स्पष्ट शब्दांत सांगावी. आणि यातलं काहीच बसत नसेल, तर स्वेच्छेनं परतण्याची परवानगी मागणं मला शहाणपणाचं वाटतं. हकालपट्टीचा शिक्का बसला तर सहसा दहा वर्षं पुन्हा जाता येत नाही.

गावातून तुम्ही कागद जमवा: ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेची टीसी, पासपोर्टची झेरॉक्स, पोलिसांत काही तक्रार दिली असेल तर तिची प्रत. मराठी कागद तिथल्या कोर्टाला चालत नाही. इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्याखाली ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकारानं लिहून सही करावी.

१९६३च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतला माणूस आपल्या दूतावासाला कळवायला सांगू शकतो. घरचेही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. फक्त, आपल्याच सरकारची भीती सांगून आश्रय मागायचा असेल, तर आधी वकिलाला विचारा.

एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, बँकेच्या नोंदी पुसू नका. फिर्याद द्यायला त्याच लागतील, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पात्र कुटुंबांना त्यासाठी फुकट वकील मिळतो.