पावसाआधी पुढचा टायर: दुकानात जाण्यापूर्वी आणि नंतर

दुचाकीचा मागचा टायर गोटा झाला की आपण निमूटपणे बदलतो. पुढच्याची नक्षी शाबूत दिसते, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच फिरतो आणि आतून कडक होत जातो. पण ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर येतो. सप्तशृंगीच्या घाटात मागचं चाक सरकलं तर गाडी कशीबशी सावरता येते. पुढचं सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा इगतपुरीकडून ढग यायला लागायच्या आत हे काम उरकून घ्या.

आधी जुना टायर नीट बघा. कडेला टीडब्ल्यूआय (TWI) अशी अक्षरं असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा दिसेल. नक्षी त्याच्या पातळीला आली असेल तर टायर संपला. नक्षी असूनही कडेला बारीक भेगा पडल्या असतील तरी त्याचा मोह सोडा. टायर एकाच बाजूने किंवा लाटांसारखा झिजला असेल, तर मेकॅनिककडून बेअरिंग आणि फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) तपासून घ्या, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल.

जुन्या टायरवरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा, पण तो आधीच कुणी चुकीचा बसवलेला असू शकतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घ्या. ८०/१००-१८ ४७पी म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंची, भार १७५ किलोपर्यंत आणि वेग ताशी १५० किलोमीटरपर्यंत. जाड टायर रुबाबदार दिसतो खरा, पण पुढे जाड टायर घातला की हँडल जड होतं, कधी तो मडगार्डला घासतो. हा हट्ट माझ्या मते निव्वळ फोटोपुरता आहे. मागचा टायर पुढे चढवायची काटकसरही नको.

ब्रँडवरून फार डोकं शिणवू नका. सिएटचा कारखाना आपल्या नाशिकच्या सातपूरलाच आहे, म्हणून त्याचाच घ्यावा असंही नाही. त्यापेक्षा तारीख बघा: कडेला लंबगोलात चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सूट मोठी असेल तर हे आकडे आधी वाचा. आऱ्यांचं चाक असेल तर बहुधा ट्यूब लागते. टायरबरोबर ट्यूब आणि रिमपट्टीही (आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर बसवतात ती पट्टी) नवी घ्या. ट्यूबलेसला वॉल्व्ह नवा मागा.

चाक खोलताना शेजारी उभं राहायला लाजू नका. चाक बाहेर असताना डिस्क ब्रेकचा लिव्हर कुणी दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतो. डिस्कला ग्रीस किंवा तेलाचा हात लागू देऊ नका. टायरवरचा बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा; काही टायरांवर पुढच्या-मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात, तिथे पुढच्याचाच बघायचा. मीटरची केबल चाकापाशी जोडलेली असेल तर तिथली खाच नीट बसली का, तेही पाहा. बॅलन्सिंग होत असेल तर करून घ्या.

गाडी दुकानाबाहेर काढण्याआधी लिव्हर दोन-चार वेळा दाबून ब्रेक घट्ट लागतो का बघा. हवा टायर थंड असताना आणि पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणेच भरा.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर अचानक ब्रेक आणि वळणावर गाडी फार झुकवणं टाळा. दिंडोरी रोडला ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पसरलेला असतो, तिकडची पहिली फेरी कोरड्या दिवशी करा. आठवड्याने हवा पुन्हा मोजा आणि ॲक्सलचा नट मेकॅनिककडून तपासून घ्या.

जुना टायर मात्र दुकानातच सोडून या. घरी आणला की तो गच्चीत पडून राहतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डास होतात.