अकरा वर्षांनी गिटार उचलली आणि सम चुकली

अकरा वर्षं मी वाजवत नव्हते. सोडताना काही मोठं नाट्य घडलं नाही. एक रिहर्सल चुकली, मग दुसरी, मग घरात आजारपण, मग बँडने दुसरा गिटारिस्ट घेतला आणि मला जरा सुटल्यासारखंच वाटलं. वर्षातून एकदा केस उघडायची, गंजलेल्या तारांवरून बोट फिरवायचं आणि झाकण लावायचं. आता परत वाजवायला लागून दोन वर्षं झाली आहेत. जॅझ-रॉक फ्यूजनकडे, म्हणजे जॅझ आणि रॉक यांच्या मिश्रणाकडे, परत वळणाऱ्या कुणाला माझ्या चुकांचा उपयोग झाला तर बरं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिले सहा आठवडे फसवे असतात. बोटांच्या टोकांची कातडी दोन-चार आठवड्यांत पुन्हा टणक होते. जुने लिक, म्हणजे पाठ झालेले छोटे सुरावटीचे तुकडे, तर तुम्हाला नकळत बोटांतून बाहेर पडतात, आणि आपण काही विसरलेलो नाही असं वाटून डोळे पाणावतात. माझेही पाणावले होते. पण स्नायू लवकर तयार होतात आणि त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे फार सावकाश. डोक्यात जुना वेग असतो, हात नव्याचा असतो. चौथ्या आठवड्यात मी सलग दोन तास लेगाटो (प्रत्येक स्वर न छेडता डाव्या हाताच्या बोटांनी जोडून वाजवणं) घासलं आणि पुढचे वीस दिवस मनगटाला पट्टा बांधून बसले. वीस मिनिटं वाजवा, दहा मिनिटं थांबा. नऊच्या बारीक तारा लावा, अकराच्या जाड तारांचा अभिमान नंतर. बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला तर त्याच दिवशी गिटार खाली ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. यात शूरपणा करू नका. जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प माळ्यावर पडून असेल तर तो थेट चालू करू नका, आधी जाणत्या माणसाकडून आतले कपॅसिटर तपासून घ्या. नवीन पेडल (पायाने चालू करायची, आवाज बदलणारी डबी) घेण्याबद्दल मी बोलणार नाही. पेडल शोधण्यात माझे जेवढे तास गेले तेवढ्यात अख्खा मेलॉडिक मायनर स्केल सगळ्या पोझिशनमध्ये बसला असता.

आता मुख्य गोष्ट. आठ महिने मी घरी हेडफोन लावून, कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅम्पमधून, बॅकिंग ट्रॅकबरोबर रियाज केला. रोज. ७/८ मधला, म्हणजे सात मात्रांच्या आवर्तनातला, एक रिफ (पुन्हापुन्हा येणारी सुरावट) आणि त्यावरचा सोलो इतका घोटला होता की झोपेतही वाजवला असता. मग एका बँडबरोबर बसले. ड्रमर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. चार आवर्तनं त्याने हात उचलले, फक्त मी आणि बास. चौथ्या आवर्तनाच्या शेवटी मी समेवर आले तेव्हा तो अजून सातव्या मात्रेवर होता. पूर्ण एक मात्रा आधी! पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो फार सभ्यपणे म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे पळताय." मी मनात म्हटलं, हाच मागे राहतोय. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. घरी जाऊन ऐकलं. मीच पळत होते.

हे का होतं ते सविस्तर सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. बॅकिंग ट्रॅकमध्ये ड्रम असतात, बास असतो, प्रत्येक मात्रा कुणीतरी दुसराच दाखवत असतो. तुम्ही थोडे पुढे गेलात की पुढचा ठोका ऐकून नकळत सावरता, आणि हे सावरणं इतक्या पटकन होतं की तुम्हाला ते स्वतःची लय वाटतं. प्रत्येक मात्रेवर वाजणारा मेट्रोनोमही (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) हेच करतो. तुम्ही लय धरत नसता, तिच्या मागे धावत असता. आधार काढला की दोन ठोक्यांमधली जागा किती मोठी आहे हेच आठवत नाही, आणि घाबरलेला माणूस ती जागा नेहमी लहानच करतो.

माझ्या बाबतीत दुसरी भानगडही होती, ती कळायला आणखी महिना गेला. कॉम्प्युटर आवाज पुढे पाठवण्याआधी तो जेवढ्या तुकड्यात साठवतो तो बफर ५१२ सॅम्पलवर होता. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर हा एकेरी साडेदहा मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा, म्हणजे वीसच्या वर. अ‍ॅम्पपासून सात मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. कानाला ते ट्रॅकवर बरोबर बसल्यासारखं ऐकू यावं म्हणून माझी बोटं तेवढी आधी पडायला शिकली होती. आठ महिने मी लवकर वाजवण्याचा रियाज केला, तोही मन लावून. बफर १२८ किंवा त्याखाली आणा. जमत नसेल तर सरळ छोट्या अ‍ॅम्पमधून वाजवा.

उपाय कंटाळवाणा आहे. ७/८ मध्ये मात्रांचा वेग १४० असेल तर मेट्रोनोम ७० वर लावा. आता टिक पहिल्या आवर्तनात एक, तीन, पाच, सात या मात्रांवर पडेल आणि दुसऱ्या आवर्तनात दोन, चार, सहावर. चौदा मात्रांनी पुन्हा समेवर. पहिल्यांदा हे केलंत की दुसऱ्या आवर्तनात पायाखालची जमीन सरकते. टिक चुकतोय असंच वाटतं. तो चुकत नाही. जमायला लागलं की आवर्तनाला एकच टिक ठेवा. म्हणजे मिनिटाला वीस, आणि बरेच मेट्रोनोम इतके खाली जात नाहीत, तेव्हा ड्रम मशीनवर एकच ठोका भरून घ्या. तो एक ठोका तुमच्या सुरात बुडून ऐकूच आला नाही, तर तुम्ही बरोबर आहात. मला त्यासाठी अडीच महिने लागले. रोज अर्धा तास, सोलो बंद.

गिटार घेण्याआधी तोंडाने म्हणा. तकिट तकधिमि, तकिट तकधिमि, हाताने सम दाखवत. फ्यूजन गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिन कित्येक वर्षं कोन्नक्कोलचं, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तालाचे बोल तोंडाने म्हणण्याचं, महत्त्व सांगत आला आहे, २००७ मध्ये त्याने तालवादक सेल्वागणेशबरोबर त्यावर शिकवणीची डीव्हीडीही काढली. त्याच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा १९७१ चा पहिला अल्बम ऐकून आपण सगळे त्याच्या वेगाच्या प्रेमात पडतो आणि हिशोब मात्र विसरतो. तोंडाला येत नाही ते हाताला येत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. सात मात्रांचा रूपक ताल कानात मुरलेला असेल तर मात्र एक काळजी घ्या. रूपकात सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, टाळीविना, हलकी; पहिली टाळी चौथ्या मात्रेवर. इथे बेस ड्रम समेवर दणकन बसतो. माझं मन पुन्हापुन्हा चौथ्या मात्रेलाच सम समजत होतं.

शिक्षकाबद्दल. परतणाऱ्या माणसाला गिटारचा शिक्षक नको, ड्रमर हवा. निदान चांगला बासिस्ट. गिटारवाले तुम्हाला स्केल देतील, कारण ते द्यायला सोपं असतं. मी ज्याच्याकडे चार महिने शिकले त्याने अल्टर्ड स्केलचे (जॅझमधला एक स्केल) सतरा आकार दिले, आणि मी पळते आहे हे एकदाही सांगितलं नाही. त्यालाही कदाचित ऐकू येत नसेल. तयार टॅबवरून (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेल्या कागदावरून) सोलो उचलणाऱ्यांशी मी भांडत नाही आता, वय झालं. पण ऐकून, गाऊन, मग वाजवून चार आवर्तनं उचलली तर ती आपली होतात. सॉफ्टवेअरने वेग अर्धा करून ऐकायला माझी काही हरकत नाही.

आणि कॉम्पिंग करा, म्हणजे दुसऱ्याच्या सोलोमागे कॉर्डची साथ. सोलो सगळ्यांनाच परत हवा असतो. बँडला मात्र दोन-तीन स्वरांचे कॉर्ड योग्य जागी मारून गप्प बसणारा माणूस हवा असतो. मला दुसऱ्यांदा बोलावलं ते त्यासाठीच.

धीर देताना लोक मला जॅझ गिटारिस्ट पॅट मार्टिनोची गोष्ट सांगायचे. १९८० मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया, स्मृती गेली, स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड ऐकत तो पुन्हा गिटार शिकला आणि १९८७ मध्ये पुनरागमनाचा अल्बम केला. मला त्या गोष्टीचा राग यायचा. माझा मेंदू शाबूत होता, मी फक्त आळस केला होता, आणि तरी मला सात मोजता येत नव्हते. पुढे त्यातला स्वतःच्या जुन्या रेकॉर्ड ऐकण्याचा भाग मी उचलला. कॅसेटवरची तेवीस वर्षांची मी ऐकली. हात भलताच चपळ, आणि श्वास घ्यायला कुठे जागाच नाही. तेव्हाही पळतच होते की! इतका हलका दिवस त्या दोन वर्षांत दुसरा आला नाही. जिच्या बरोबरीला यायचं म्हणून मी मनगट दुखावून घेतलं होतं, तिलाही लय सापडलेली नव्हती.

पहिल्या जॅमला (एकत्र बसून वाजवायला) जाताना दोनच गाणी तयार करा, त्यातलं एक चार मात्रांचं सरळ असू द्या. आधी सांगून टाका की खूप वर्षांनी वाजवताय. सांगायला लाज वाटते, पण न सांगता चुकलं की जास्त वाटते. आणि मध्येच हरवलात, हरवालच, तर पुढे रेटू नका. तारांवर तळवा ठेवा, बासकडे बघा, त्याच्या सर्वांत खालच्या स्वराची वाट बघा, तिथे एक कॉर्ड मारा, आणि पुन्हा एक आवर्तन थांबा. गेल्या महिन्यात मी एका संध्याकाळी तीनदा हरवले. दोनदा कुणाला कळलं नाही. तिसऱ्यांदा ड्रमरने माझ्याकडे बघून सम जरा जास्तच जोरात मारली.