पहिलीच गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह? विम्याच्या या चुका टाळा

ब्रिटनमध्ये वाढलेल्या मराठी मुलांना सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं आणि त्यातल्या निदान एखाद्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, की गाडी घ्यायची तर मागची चाकं फिरवणारीच. आईबाबांना यात एवढं काय आहे ते कळत नाही. त्यांनी पाहिलेल्या पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, ओम्नी सगळ्या रिअर-व्हील ड्राइव्हच होत्या, आणि त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. मग विम्याचा कोट, म्हणजे कंपनीने सांगितलेला हप्ता, येतो. गाडीपेक्षा वर्षाचा विमा महाग, हे इथे तरुण ड्रायव्हरच्या बाबतीत सर्रास घडतं, आणि घरात एकदम शांतता पसरते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. कुठली चाकं फिरतात याच्याशी विमा कंपनीला थेट काही देणंघेणं नसतं. ब्रिटनमध्ये गाड्यांना १ ते ५० असे विमा-गट देण्याची पद्धत रुळलेली आहे आणि त्यामागचं तपासणीचं काम थॅचम रिसर्च ही संस्था करते. गट ठरतो तो दुरुस्तीचा खर्च आणि वेळ, सुट्या भागांची किंमत, नव्या गाडीची किंमत, वेग, सुरक्षितता आणि चोरीपासूनचं संरक्षण यांवरून. रिअर-व्हील गाड्या महाग पडतात, कारण आज बाजारात असलेल्या त्यांतल्या बऱ्याच गाड्या एकतर ताकदवान असतात किंवा महागड्या ब्रँडच्या. म्हणून शोध उलटा सुरू करा. आधी खालचे गट बघा आणि मग त्यांत मागची चाकं फिरवणारं काय सापडतं ते पाहा.

‘इंजिन छोटं, म्हणजे विमा स्वस्त’

ही चूक बहुतेक वेळा आपल्या घरातूनच येते. भारतात खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. चालवणारा अठराचा आहे की अठ्ठावन्नचा, हे त्यात कुणी विचारत नाही. इथे नेमकं तेच आधी विचारतात. वय, पत्ता, लायसन्स किती जुनं, गाडी रात्री कुठे उभी असते, काम काय करता, हे सगळं हिशेबात येतं. मुलगा की मुलगी हे मात्र २१ डिसेंबर २०१२ पासून हप्ता ठरवताना धरता येत नाही, त्यामुळे ‘ताईच्या नावावर घेऊ, मुलींना स्वस्त पडतं’ हा सल्लाही आता जुना झाला.

म्हणजे १.३ लिटरची गाडी स्वस्तच पडेल असं गृहीत धरू नका. माझदा आरएक्स-८ मध्ये कागदावर १.३ लिटरचंच इंजिन आहे, पण ते रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरचं. तेल पिणार, कॉम्प्रेशन गेलं की पूर्ण इंजिन खोलायला लागणार, रोड टॅक्स मोठा आणि विमा-गट वरचा. वापरलेली आरएक्स-८ स्वस्तात मिळते, याला कारणं आहेत.

बिल्ला बघून गाडी घेणं

बीएमडब्ल्यू म्हणजे रिअर-व्हील, हे समीकरण आता चालत नाही. वन सीरिजच्या पहिल्या दोन पिढ्या (२००४ ते २०१९) रिअर-व्हील होत्या, पण २०१९ मध्ये आलेली तिसरी पिढी पुढच्या चाकांवर चालते. मिनीही तशीच. टू सीरिज कूपे रिअर-व्हील, पण नावात टू सीरिज असलेली अ‍ॅक्टिव्ह टूरर फ्रंट-व्हील. मर्सिडीजची ए-क्लासही फ्रंट-व्हील. बॅजचे जास्त पैसे द्यायचे, त्या बॅजचा चढा विमा भरायचा आणि शेवटी चाकं पुढचीच फिरायची, यासारखा तोटा दुसरा नाही.

मग उरतं काय?

सर्वांत स्वस्त उत्तर कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. २०१४ ते २०१९ दरम्यान इथे विकली गेलेली रेनॉ ट्विंगो. तिचं इंजिन मागे, डिकीच्या तळाखाली असतं आणि मागचीच चाकं फिरतात. एक लिटर, ७० हॉर्सपॉवरची साधी आवृत्ती विम्याच्या तळातल्या गटांत मोडते. तिचीच बहीण म्हणजे त्याच काळातली स्मार्ट फोरफोर, आणि दोनच माणसं बसणार असतील तर स्मार्ट फोरटू. पुढे इंजिन नसल्यामुळे चाकं भरपूर वळतात, त्यामुळे अरुंद गल्लीत या गाड्या जागच्या जागी फिरल्यासारख्या वळतात. ड्रिफ्ट, म्हणजे मागची चाकं घसरवत वळण घेणं, वगैरे विसरा, इलेक्ट्रॉनिक्स ते होऊच देत नाही. मित्र हसतील. पण अठराव्या वर्षी पदरच्या पैशात बसणारी रिअर-व्हील गाडी हवी असेल, तर प्रामाणिक उत्तर हेच आहे.

त्यावरची पायरी बीएमडब्ल्यू ११६आय. साधी एसई आवृत्ती घेतलीत तर गट पंधरा-वीसच्या आसपास राहतो. एम स्पोर्ट म्हटलं की आकडा वर सरकतो. पहिल्या पिढीतली जुनी डिझेल (२००७ ते २०११ मधली ११८डी वगैरे) इंधनाचा खर्च वाचवेल म्हणून घेऊ नका. तिच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला बसवलेली आहे आणि ती झिजते. ती बदलायची तर आधी गिअरबॉक्स किंवा इंजिन बाहेर काढायला लागतं.

टोयोटा जीटी८६, निसान ३५०झेड या गाड्या छानच आहेत. पंचविशीनंतर बघा.

एमएक्स-५ आणि गंज

खरा जीव अडकतो तो माझदा एमएक्स-५ मध्ये. हलकी, दोन सीटची, साधी यंत्रणा, भाग सहज मिळतात. गट साधारण विशीतले, त्यामुळे सतराव्या वर्षी कोट जड येईल, पण विशीत शिरल्यावर आणि एक-दोन वर्षांचा नो क्लेम बोनस जमल्यावर आवाक्यात येऊ शकते. इथे चुका दोन होतात.

पहिली, ‘युनोस रोडस्टर’ स्वस्त दिसली म्हणून घेणं. ती तीच गाडी, पण जपानमधून आयात केलेली. काही कंपन्या आयात गाडीला कोटच देत नाहीत, काही जास्त पैसे लावतात. दुसरी चूक गंज न बघण्याची. कापडी छपरावरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात, पाणी दारांखालच्या सिलमध्ये साठतं आणि तिथून आतला पत्रा खायला लागतं. मागच्या चाकाच्या अगदी पुढे, सिल जिथे संपते, तिथे अंगठा दाबून बघा. पत्रा दबला, किंवा तिथे नुकताच काळा जाड लेप मारलेला दिसला, तर गोड हसून निघा. दुसऱ्या पिढीत (१९९८ ते २००५) पुढच्या चॅसी रेलही आतून सडतात.

बघायला जाण्याआधी घरबसल्या आणखी एक काम होतं. सरकारी संकेतस्थळावर नंबर प्लेट टाकली की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. चार वर्षं ओळीने ‘कॉरोजन’ची सूचना येते आणि पाचव्या वर्षी ती अचानक गायब होते, असं दिसलं तर विचारा की काम कुठे केलं, पावती दाखवा. वेल्डिंगची पावती असेल तर उत्तमच. पावती नसेल तर तो लेप आठवा. तीच नंबर प्लेट विम्याच्या तुलना-साइटवर टाकून कोटही आधीच काढा. मॉडेलच्या नावावरून काढलेला अंदाज आणि त्या विशिष्ट गाडीचा कोट यांत कधीकधी बराच फरक पडतो. नुकसानीनंतर विमा कंपनीने एकदा निकालात काढलेली (राइट-ऑफ), म्हणजे कॅटेगरी एस किंवा एन ची गाडी असेल, तर ते याच टप्प्यावर कळलेलं बरं.

लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी: २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा झोन, सगळ्या बरोंमध्ये लागू आहे. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असेल तर चिंता नसते, जुनी असेल तर नंबर टाकून तपासा. हॅरो किंवा हाऊन्स्लोमध्ये रोज चालवायची असेल तर या एका खर्चापुढे विमाही कमी वाटेल.

बाबांच्या नावावर विमा

‘गाडी बाबांची दाखवू, मुलगा फक्त अधूनमधून चालवतो म्हणू.’ याला इथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक आहे. अपघात कॉलेजच्या पार्किंगबाहेर, मंगळवारी सकाळी नऊला झाला, की रोज कोण चालवतं हे वेगळं सांगावं लागत नाही. क्लेम नाकारला जातो, पॉलिसी रद्दबातल होऊ शकते आणि गाडी विनाविमा चालवल्याचा ठपका आला तर लायसन्सवर दंडाचे सहा ते आठ पॉइंट लागतात. आता नव्या ड्रायव्हरचा नियम बघा: परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द. पुन्हा प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, पुन्हा लेखी, पुन्हा रस्त्यावरची परीक्षा.

उलट बाजू पूर्ण कायदेशीर आहे. मुख्य ड्रायव्हर म्हणून स्वतःचं नाव द्या आणि खरोखर कधी चालवणार असतील तर आई किंवा बाबांना जादा ड्रायव्हर म्हणून जोडा. हप्ता पुष्कळदा उतरतो, कधीकधी चढतोही, म्हणून दोन्ही तऱ्हेने कोट काढून बघा.

हीच गोष्ट बदलांची. आधीच्या मालकाने एक्झॉस्ट, सस्पेन्शन, मोठे अलॉय बसवले असतील तरी ते सांगण्याची जबाबदारी तुमची. रिअर-व्हील गाड्यांत हे फारच दिसतं. शक्यतो कंपनीतून निघाली तशीच गाडी शोधा.

कोट तरीही जड येत असेल तर

थर्ड पार्टी स्वस्त असेल असं धरून चालू नका, तरुणांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह अनेकदा स्वस्त पडतो. विमा सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी कोट काढा, आदल्या रात्री नाही. वर्षाला किती मैल चालवणार तो आकडा खरा टाका. क्लेमच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, म्हणजे एक्सेस, वाढवली की हप्ता कमी होतो, पण तरुणांना आधीच सक्तीचा एक्सेस लावलेला असतो. दोन्हींची बेरीज गाडीच्या किमतीच्या जवळ गेली तर त्या विम्यातून तुमच्या गाडीसाठी काहीच हाती लागणार नाही. मासिक हप्त्यावर व्याज लागतं, घरातून उसने घेऊन वर्षाचे एकदम भरता आले तर भरा. ब्लॅक बॉक्सची (गाडी कशी चालवता याची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची) पॉलिसी पहिल्या वर्षी खरंच फरक पाडते, फक्त रात्रीच्या वेळेची बंधनं आधी वाचा.

पुणे-नाशिकहून शिकायला आलेल्यांसाठी दोन गोष्टी. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, पण कोट चढा येतो. ते लायसन्स बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावीच लागते, तर ती लवकर द्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निम्म्या दरात विमा देणारा ‘आपला माणूस’ भेटला तर दूर राहा. असे दलाल खोटे कागद देतात किंवा तुमची माहिती बदलून पॉलिसी काढतात. गाडीची खरोखर नोंद झाली आहे का, हे मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या साइटवर स्वतःच्या गाडीसाठी फुकट तपासता येतं.

घाईत घेतलेल्या पॉलिसीत काही चुकलं असं लक्षात आलं तर गप्प बसू नका. पहिल्या चौदा दिवसांत ती सोडता येते, वापरलेल्या दिवसांचे आणि थोडं शुल्क कापून पैसे परत मिळतात. नंतरही, कंपनी स्वतःहून रद्द करणार असल्याचं पत्र आलं, तर लगेच फोन करून मीच रद्द करतो असं म्हणा आणि ते लेखी घ्या. कारण पुढच्या प्रत्येक अर्जात ‘तुमची पॉलिसी कधी कंपनीने रद्द केली आहे का’ हा प्रश्न असतो, आणि तिथे ‘हो’ लिहावं लागलं की ट्विंगोचा कोटही जीटी८६ सारखा येतो.