गुडघ्याला टेन्स लावताय? या चुका टाळा

हल्ली टेन्सचं, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं, छोटं मशीन घरोघरी आलंय, ऑनलाइन मागवतात आणि मग मला फोन, "मॅडम, करंट लागतच नाही." माझा पहिला प्रश्न ठरलेला: गुडघ्याला काय चोळलंय?

एक काकू आल्या, गुडघ्याच्या बाजूला रुपयाएवढा लाल चट्टा. सकाळी तेलाची मालिश, त्यावर बाम, त्यावर पॅड! पॅड चिकटणार कसा, अर्धा उचललेला, सगळा करंट उरलेल्या तेवढ्याशा जागेतून, म्हणजे सुया टोचणारच. काकूंना वाटलं मशीन जोरात काम करतंय. पॅड बघितले तर केस आणि धूळ, चार महिने तेच, सासूबाईंनाही तेच. साबणाच्या पाण्याने गुडघा पुसा, कोरडा करा, मग लावा. पॅड सुकला असेल तर मी पाण्याचा एक थेंब बोटाने फिरवते, तरी चिकटला नाही तर सरळ फेकायचा, तिथे काटकसर नको.

वाटीवर पॅड लावू नका. वाटीच्या वर दोन, खाली दोन, आणि दोन्ही चॅनल (म्हणजे दोन-दोन पॅडच्या जोड्या) फुलीसारखे एकमेकांना छेदतील असे.

पेसमेकर असेल तर मशीनला हात लावू नका. डायबेटिसमुळे पाय बधिर असेल तर आधी दाखवून घ्या, मी टोकदार-बोथट कळतंय का बघितल्याशिवाय पॅड लावत नाही.

"जरा दणकून लावा हो" म्हणणारे तर रोजचेच. मुंग्या जोरदार हव्यात, पण दुखायला नको. मशीनवर ८० ते १०० हर्ट्झ (सेकंदाला करंटचे तेवढे ठोके), २०-३० मिनिटं. मधेच मुंग्या कमी वाटतात, मशीन बिघडलेलं नसतं, नसांना सवय होते, थोडं वाढवा. काढताना आधी बंद करा.

आणि माझा खरा राग इथे आहे: मशीन लावलं म्हणजे व्यायामाला सुट्टी. अहो, टेन्स ज्यावर चालतं ती गेट थिअरी मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली, ती दुखण्याचा निरोप मणक्यातच अडवण्याची, झिजलेली कूर्चा भरून काढायची नाही. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणारी संस्था) तर २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स देऊच नका असं सांगितलं. मी तरी देते, पण दुखणं जरा दबलं की लगेच त्याच वेळात व्यायाम करून घेते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, ५ आकडे मोजायचे, सोडायची, असं १० वेळा.

काकू आता टॉवेल दाबतात. बाम सुटला नाही, पण मशीन काढल्यावर लावतात.