टोमॅटो पिकलाय का, ते हातानं ओळखायचं

सातवीत असताना टोमॅटोच्या तोडणीला लागलो आणि पहिल्याच दिवशी अर्धं क्रेट कच्च्या फळांनी भरलं. चुलते म्हणाले, "डोळे फुटले का रे तुझे?" फुटले नव्हते. पुढं डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. बाकीच्यांना ठिपक्यांत आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. लाल-हिरव्याची गल्लत, जन्माचीच.

तुमचंही असंच असेल तर रंगाच्या मागं लागू नका, दुसरी खूण धरा.

टोमॅटोचंच सांगतो. पानांत लपलेलं पिकलं फळ मला लांबून दिसतच नाही. मग हात घालायचा. कच्चं फळ गोटीसारखं टणक, पिकलेलं बोटाखाली किंचित दबतं. जरा पिळा दिला की देठाच्या गाठीवर सहज सुटतं, कच्चं ओढावं लागतं. तोडणी भरपूर उजेडात करायची; अंधुकात उरलासुरला फरकही जातो. लांबच्या बाजाराला मात्र टोकाशी जरासा रंग चढला की फळ तोडतात, आणि ते बोटालाही कळत नाही. तिथं मी मुकाट क्रेट उचलतो, तोडणी बायको बघते.

पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी दोन्हीला पूर्वी गोल ठिपकाच असायचा. २०२०च्या नियमांत मांसाहारीला तपकिरी त्रिकोण आला. आता आकार बघायचा. उभ्या सिग्नलला लाल वर, हिरवा खाली. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'कलर करेक्शन' असतं, एकेक पर्याय लावून बघा. बाजारभावाचे तक्ते मला त्यानंच वाचता येतात.

लायसन्ससाठी ठिपक्यांचे आकडे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. दोष सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२०पासून लायसन्स मिळतं. डॉक्टरांना खरं सांगा.

आईला हे कळलं तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाला आईकडूनच. तिच्या वडिलांनाही तो होता. पण यात तिची काय चूक? माझ्याकडून तो मुलाला जात नाही, मुलीकडं जातो. तिला स्वतःला सहसा अडचण येत नाही, पुढं तिच्या मुलाला येऊ शकते.

तीच मुलगी आता माझ्या शर्टांच्या कॉलरला आतून टाके घालते. हिरव्याला एक, तपकिरीला दोन.