पर्यावरणपूरक रंग घेताय? आधी भिंत बघा, मग डबा

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या कारेलीबागेत आत्याच्या घरात शिरलं. दिवाळी दोन महिन्यांवर होती, म्हणून ऑक्टोबरात घाईघाईने हॉलला रंग दिला. रंग महागाचा, बिनवासाचा, डब्यावर हिरवं पान. होळीला गेलो तेव्हा खालच्या तीन फुटांत पोपडे सुटलेले. नखाने एक पोपडा उचलला, तर मागे कापसासारखी पांढरी भुकटी. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार.

बडोद्यात हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. विटेची नऊ इंची भिंत पुरती भिजली की आतून वाळायला महिने लागतात. वरून हात कोरडा लागतो, पण आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते. प्लॅस्टिक इमल्शनचा थर वाट अडवतो, त्यामागे क्षारांचे स्फटिक होतात आणि रंग ढकलून पाडतात. मग खरवडा, पुट्टी भरा, पुन्हा रंग. वर्षात दोनदा द्यावा लागणारा रंग कसला पर्यावरणपूरक?

तपासायला खर्च नाही. जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत तिथे काळवंडली, तर रंगाऱ्याला थांबवा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. लोणा आला असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी गोळा करून घराबाहेर टाका आणि ओल कुठून येते ते शोधा: गळकी पाइपलाइन, बाथरूमची भिंत, अंगणाची चढलेली पातळी. आतून वॉटरप्रूफ कोट मारणं हा उपाय नाही, त्याने ओल वर चढते.

रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती बऱ्याचदा चुन्याच्या गिलाव्याच्या असतात. त्यांना श्वास घेऊ देणारा रंगच हवा, म्हणजे चुन्याची सफेदी. आजीच्या काळची ही सफेदी मला आजच्या कुठल्याही हिरव्या पानाच्या डब्याइतकीच, किंबहुना जास्त, पर्यावरणपूरक वाटते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. मात्र इथेही घाई नडते. जाड एक हात देण्याऐवजी पातळ तीन-चार हात द्या, प्रत्येक वेळी भिंत आधी पाण्याने ओलवा. भिंतीवर जुना प्लॅस्टिक रंग असेल तर चुना धरणार नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा: शोषला तर ठीक, मोत्यासारखा घरंगळला तर आधी तो थर काढावा लागेल. चुना भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, तो फार दाहक असतो.

आता डबा. ‘वॉटरबेस्ड’ म्हणजे बिनविषारी नाही. त्यातही थोडी द्रावकं आणि बुरशीनाशकं असतात. वास नसणं हाही पुरावा नाही, कधी सुगंध घालून वास झाकलेला असतो. दुकानदाराला व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं, किती ग्रॅम प्रति लिटर ते विचारा. युरोपात घरातल्या मॅट भिंतींच्या पाण्याच्या रंगांना 2010 पासून 30 ग्रॅमची मर्यादा आहे, तुलनेला तो आकडा हाताशी ठेवा. आणि बहुतेकजण विसरतात ते हे: डब्यावरचा आकडा बऱ्याचदा बेसचा, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या रंगाचा असतो. मशीनवर शेड बनवताना घातलेल्या रंगद्रव्यातही व्हीओसी असू शकतं, गडद शेडला ते जास्त पडतं. फिकट शेड निवडलीत तर हा प्रश्न बराच कमी होतो.

शेणाचा रंग हवा असेल तर खादी ग्रामोद्योग आयोगाचा प्राकृतिक पेंट जानेवारी 2021 पासून आहे, डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही. पण ओल्या भिंतीवर तोही टिकणार नाही, आणि बाहेरच्या भिंतीसाठी घेताना डब्यावर तसं लिहिलंय का ते वाचा.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नसावं, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या खिडक्या-दारांवर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका. ओला करून खरवडा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा, पोपडे पिशवीत बांधा. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

शेवटी ब्रश. रंगारी चौकातल्या गटारात धुतात, तिथून ते पाणी विश्वामित्रीला, मगरींच्या घरात जातं. रोलर आधी जुन्या वर्तमानपत्रावर रिकामा करा, मग बादलीत धुवा आणि बादलीतलं पाणी रात्रभर निवळू द्या. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी धुण्याला पुन्हा वापरा. तळाचा गाळ वाळूत मिसळून सुकवून मगच कचऱ्यात टाका.